झेरॉक्सला न आलेली कविता

दारव्ह्यात आमच्या कॉलेजसमोर चाचांचं झेरॉक्सचं दुकान आहे. मी बी.ए.ला मराठी शिकवतो आणि माझ्या नोट्स वर्षानुवर्षं त्यांच्याच मशीनमधून निघतात. निघालेलं गरम पान ते आधी स्वतः वाचतात, मग पोरापोरींना बजावतात, "विलापिका आहे बाप्पा, कवीचा शोक दोन पानं तरी लिहा." ऐकून मला हसू यायचं. खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटायचा.

पोळ्यानंतर चाची गेल्या. भेटायला गेलो तर चाचा दुकानातच बसले होते. म्हणाले, "सर, त्या विलापिकेत त्याची बायको मरते न? तुमच्या नोट्स मले पाठ आहेत. पण ते कविता कोणी झेरॉक्सले आणलीच नाही कधी."

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक नेऊन दिलं. त्यांनी मशीन बंद केली आणि एकेका ओळीखाली बोट सरकवत सोळा ओळी वाचल्या. शेवटच्या ओळीवरून बोट बराच वेळ उचललं नाही.

मग पुस्तक परत देत हळूच म्हणाले, "सर, याच्यात समजावून सांगासारखं काय होतं?"