जावेच्या वतीने

माझ्या थोरल्या जावेचं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली, तेव्हापासून तिच्या वतीने मीच बोलत होते. मला कोणी नेमलं नव्हतं. आम्ही दोघी एकाच घरात सुना म्हणून आलो, दोघींचे नवरे गेले, आणि रेवदंड्याच्या अलीकडच्या आमच्या गावात त्या घरात दोघीच उरलो. त्यामुळे तिच्या मनात काय आहे ते मला कळतं, असं मी धरून चालले होते. डॉक्टर म्हणाले होते, तिला ऐकू येतं, समजतं सगळं, फक्त बाहेर काही काढता येत नाही. पापण्या हलत, पण त्यांच्यावरही तिचा ताबा नव्हता. कधी उगाच फडफडत, कधी कितीतरी वेळ हलत नसत. तरी मी माझा नियम केला होता: डोळे एकदा मिटले तर हो, दोनदा मिटले तर नाही. मला हो हवं असेल तेव्हा मी एकदा मोजून थांबायची. नाही हवं असेल तर दुसऱ्या वेळेची वाट बघत बसायची.

असा कारभार करून मी तिला सकाळी तांदळाची पेज आणि संध्याकाळी गोडमिट्ट चहा चमच्याने पाजत होते. चहा तिला गोडच लागतो, हे मी सगळ्यांना सांगत असे. मधल्या वेळात गावातल्या बातम्या. कोणाची सून माहेरी गेली, कोणी बांध कोरला, सगळं खाटेशी बसून सांगायची. ती ऐकत असे. न ऐकून करणार काय?

तिचा मुलगा नव्या मुंबईत असतो. तो सुट्टीला यायचा आणि म्हणायचा, "काकी, आईला घेऊन जातो. तिकडं नर्स मिळते, व्यायामवाला घरी येतो."

"तिला न्हाय यायचं," मी म्हणायची. "विचार तिला." मग मीच विचारायची आणि मीच पापण्या मोजायची.

"काकी, आईची पापणी नेहमी तुझ्याच बाजूनं कशी हलते?"

"कारण मी सगळा दिवस इथं बसते. तू महिन्यातून एकदा येतोस."

पोरगा वाईट नाही. आईच्या मनाविरुद्ध तिला उचलून न्यावं असं त्याला वाटत नव्हतं, आणि मन कळायला मी मधे. एक वर्ष असंच गेलं.

माझी नात, म्हणजे मुलीची मुलगी, मुंबईत एका संस्थेत मेंदूवर संशोधन करते. लोकांना मी सांगायची की ती डोकेदुखीची डॉक्टर आहे. खरं सांगितलं असतं तर तिच्यासाठी स्थळं आणणाऱ्यांनी येणंच बंद केलं असतं. खरं असं की ती माणसांना टोपी घालते आणि मेंदूत जी बारीक वीज खेळते ती मोजते. ज्यांना बोलता येत नाही, हात हलवता येत नाही, त्यांनी नुसत्या मनाने कॉम्प्युटरला हो-नाही सांगावं, यासाठी तिची खटपट. मेंदूत वीज असते हे मला नवीन होतं. आमच्याकडे घरातलीच टिकत नाही.

तिनेच मामाशी, म्हणजे जावेच्या मुलाशी, बोलून, डॉक्टरांची आणि संस्थेची परवानगी काढून मशीन आणायचं ठरवलं. मला फोनवर समजावलं, "मोठ्या आजीच्या कानात दोन शब्द वाजवायचे, हो आणि नाही, उलटसुलट. तिचं उत्तर हो असेल तर तिने मनात फक्त हो मोजायचे. ज्याची आपण वाट बघतो तो शब्द आला की मेंदू जरासा दचकतो. लग्नाच्या गर्दीत आपलं नाव ऐकू आलं की तू कशी मान वळवतेस, तसं. एकदा वाजवून दिसत नाही. पुन्हा पुन्हा वाजवून बेरीज करावी लागते."

"आणि मी काय करायचं?"

"आधी तुझ्यावर करून बघणार. तुझ्या वयाचं माणूस पाहिजे. आणि उत्तर बरोबर आलं का, ते तुला तोंडाने विचारता येतं."

आता माझं डोकं मुंबईहून कोणी बघायला येणार म्हटल्यावर मी कोरड्या केसांनी बसणार होते का? आमच्यात कोरडं डोकं म्हणजे घरात तेल नाही, नाहीतर मयत झालंय. शेजारणीला बोलावलं, घरच्या नारळाचं घाण्यावरचं खोबरेल घेतलं आणि टाळूवर चांगलं जिरवून घेतलं. जावेच्या डोक्यालाही चोपडलं. घट्ट अंबाडे घातले. दोघींची डोकी अशी चकचकत होती की कंदील लावायला नको.

नात आली, पिशव्या खाली ठेवल्या आणि माझ्या डोक्यावरून बोट फिरवलं.

"आजी, हे काय?"

"खोबरेल."

"किती लावलंस?"

"कमी वाटतंय का?"

ती पायरीवर बसली. टोपीला बटणं असतात, त्यांच्याखाली एक चिकट मलम घालतात, ते कातडीला भिडलं तरच वीज कळते. तेलावर ते घसरतं. मग तिने बाही सरसावून आमची दोघींची डोकी धुतली. जावेचं तर खाटेवरच, मानेखाली परात ठेवून. माझं डोकं तिने तीनदा धुतलं आणि दर वेळी बोट लावून मान हलवली. विज्ञानाचा पहिला दिवस न्हाण्यात गेला.

दुसऱ्या दिवशी मला टोपी चढवली. समोर कॉम्प्युटरच्या पडद्यावर रेषा दिसू लागल्या आणि काय सांगू, उधाणाच्या लाटा. वर जात, खाली जात, एकमेकींवर आपटत. नात कपाळाला आठ्या घालून बघत होती. मला वाटलं, चकित झाली. ती वायर तपासायला उठली तेवढ्यात मी टोपीसकट पडवीत आले आणि शेजारणीला सांगितलं, "माझा मेंदू मशीनमध्ये मावत न्हाय."

"मग इतकी वर्सं कुठं ठेवला व्हतास गो?" ती म्हणाली.

आत गेले तर नात म्हणाली, "आजी, तोंड उघड."

गालात मिश्री होती. दात घासून झाले तरी चिमूटभर हिरडीशी राहू द्यायची आणि जबडा हलवत बसायचं, ही माझी जन्माची खोड.

"हा मेंदू नाही," ती म्हणाली. "हा जबडा आहे. स्नायूंची वीज मेंदूच्या विजेपेक्षा कितीतरी मोठी असते. भाताच्या गिरणीत उभं राहून कोणी कुजबुजलं तर ऐकू येईल का?"

मी चूळ भरून आले. मग रेषा इतक्या बारीक झाल्या की मला वाटलं मशीन बंद पडलं.

"नाही," ती म्हणाली, "आता नीट चालू आहे. हा तुझा मेंदू."

हे मी शेजारणीला सांगायला गेले नाही.

त्यानंतर माझी उत्तरं बहुतेक बरोबर आली. एक चुकलं. मधेच कोळीण ओरडत आली, आणि मी हो मोजायचं सोडून मांदेलीचा वाटा कितीला देईल ते मोजत बसले.

मग जावेची पाळी. मुलगाही आला होता. नात घाई करत नव्हती. ज्यांची उत्तरं आम्हाला ठाऊक आहेत असे प्रश्न आधी. तुझं माहेर आगरदांड्याचं का? हो. तुला मुलगी आहे का? नाही. जाऊ दमली की थांबायचं, पुन्हा थोड्या वेळाने. एवढं सगळं जुळलं, तेव्हा मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. वर्षभरात त्याच्या आईने पहिल्यांदा कोणाला काही सांगितलं होतं, आणि ते माझ्या तोंडून नव्हतं.

"संध्याकाळचा चहा गोड आवडतो का?" हा प्रश्न मी घालायला लावला होता, मशीनची परीक्षा म्हणून.

नाही.

"मशीन चुकलं," मी म्हटलं.

"पुन्हा विचारू," नात म्हणाली. पुन्हा नाही. वर्षभराचा चहा माझ्या डोळ्यासमोरून गेला.

दुसऱ्या सकाळी खरा प्रश्न. मुलाकडे राहायला जायचंय का? मी उंबऱ्यावर बसले होते आणि मला कसलीही काळजी नव्हती. कानात शब्द वाजत राहिले. नातीने बराच वेळ पडद्याकडे बघितलं.

"हो."

"उलटं विचार," मी म्हटलं.

"तेच करणार आहे, आजी. तशी पद्धतच आहे."

इथेच राहायचंय का? नाही. दुपारी जाऊ झोपून उठल्यावर पुन्हा तेच, पुन्हा तीच उत्तरं. मी म्हटलं, टाळूला तेल राहिलं असेल, पुन्हा धुऊया का.

"का जायचंय ते विचार," मी म्हटलं.

"याला 'का' कळत नाही. हो आणि नाही एवढंच."

"मग मी सांगते ते विचार. नर्स पायजे म्हणून?"

नाही.

"नातवंडांसाठी?"

हो. हे ठीक होतं. इथे थांबायला हवं होतं, पण मी कुठे कधी थांबले आहे?

"माझ्या बडबडीला कंटाळली का, विचार."

"आजी, हे कशाला?"

"विचार म्हटलं ना."

तिने विचारलं. मग पडद्याकडे बघत ती म्हणाली, "ही रेषा तेवढी स्पष्ट नाही. आता ती दमलीय."

मुलगा मागून वाकून बघत होता. "स्पष्ट तर हाय," तो म्हणाला.

मला रडू वगैरे आलं नाही. राग आला, तो दोन दिवस टिकला. त्या दोन दिवसांत मी तिला एक शब्द न बोलता पेज पाजली, आणि नात म्हणाली की मोठी आजी इतकी शांत झोपलेली तिने आल्यापासून बघितली नव्हती. या पोरीला कधी काय बोलावं ते कळत नाही. माझ्यावर गेली आहे.

पुढच्या रविवारी गाडी आली. मी लुगड्यांच्या घड्या घातल्या, औषधांची पिशवी भरली. जावेची सून पथ्य विचारायला आली. मी तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, तिलाच विचारा, नात दर शनिवारी मशीन घेऊन तुमच्याकडे येणार आहे म्हणते.

जावेला मागच्या सीटवर उशा लावून झोपवलं. मी खिडकीशी गेले. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. घराचं, वाटेचं, त्या सुनेच्या स्वयंपाकाचं. "जा," एवढंच म्हटलं आणि मागे सरले. माझ्या मते ते फार थोडं बोलणं झालं. तिच्या मते काय, ते टोपी घालून विचारता येईल. नातीला मी विचारू नको म्हणून सांगून ठेवलं आहे.