अव्वल खेळ नापास

माणसाची खरी उंची त्याच्या संग्रहावरून कळते, असं मी मानत असे. मग भारनियमनाच्या त्या वर्षांत अंबडला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये एक गृहस्थ माझ्या शेजारी बसू लागले. ते तपासणी खात्यात होते. मांडीवर जगातल्या उत्तम बोर्डगेम्सची छापील यादी, दहापैकी गुणांसकट, आणि हातात लाल पेन. त्यांच्या संग्रहात अजून एकही खेळ नव्हता. अमेरिकेहून येणाऱ्या मेहुण्याच्या बॅगेत एकाच खोक्याची जागा होती, आणि त्याला शुक्रवारपर्यंत नाव कळवायचं होतं.

अख्खी बस त्यात पडली.

"पहिल्या नंबरचा घ्या की राव!" मागून कोणीतरी ओरडलं.

"चार तास चालतो. आमच्याकडे लाईट तीनच तास जाते. लाईट आली की बायको टीव्हीसमोर. नापास." काट मारताना त्यांचा चेहरा खुलायचा.

"आणि हा साडेआठ गुणांचा?"

"बारीक अक्षरं. मेणबत्तीत दिसणार नाहीत. गुण जगाने दिलेत, पण खेळायचं आमच्या सतरंजीवर."

शुक्रवारी एकच नाव उरलं: दीड तासाचा, ठळक अक्षरांचा खेळ. बसमध्ये टाळ्या पडल्या, ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. माझंच पोरगं दहावी पास झाल्यासारखं मला वाटलं.

महिन्याभराने ते खोकं घेऊन बसमध्ये चढले. सगळ्यांनी ते हाताळलं, काहींनी वासही घेतला. माझ्याकडे आल्यावर मी बाजूचा मजकूर वाचला. खेळाडू किमान तीन.

"घरी कोण कोण असतं तुमच्या?" मी विचारलं.

"मी आणि ही."