चुन्याच्या दोन खुणा

निजामाच्या राज्यात येडशीच्या माळावर चेंडूफळीच्या खेळात माझा निकाल म्हंजे शेवटचा. चेंडूच्या तोंडाशी उभं ऱ्हायला दुसरा कुणी तयारच नव्हता.

आता त्या माळावर घरं झालीत, पण भिंतीला चुना लावला की वास तोच येतो. फळी धरणाऱ्याच्या गुडघ्याला अन् छातीला आमी चुन्याचं बोट लावायचो. त्या दोन खुणांच्या मधून आलेला चेंडू तीनदा हुकला, की गडी बाद.

जळकोटचे रहिमानचाचा शेवटचे गडी. ते बाद झाले तर आमचं गाव जिंकणार. तिसरा चेंडू सणसणत आला.

"बाद," मी ओरडलो.

पावलं जवळ आली. वाटलं, फळी बसतीया डोक्यात.

चाचा म्हणाले, "निकाल बराबर हाय, गड्या. आता डोळे उघड."