सगळ्यांच्या मागे चालणाऱ्या बाई

लीडर म्हटला की तो पुढे चालणार, अशी आपली साधी समजूत. आमच्या लीडरबाईंनी ती सरावाच्या पहिल्याच रविवारी मोडीत काढली. त्या कायम सगळ्यांच्या मागे. अंगात ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी, हातात छत्री, आणि त्यांच्यापुढे आम्ही दादर-परळची निवृत्त मंडळी, गुराख्याने हाकलेल्या म्हशींसारखी. "पुढचा चुकला तर ओरडून बोलावता येतो," त्या म्हणायच्या, "मागे राहिला त्याला कोण हाक मारणार?"

बाईंनी गिरगावातल्या एका शाळेत आयुष्यभर पीटी शिकवली. निवृत्तीनंतर स्वस्थ बसणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. दादरची एक टूर कंपनी दर उन्हाळ्यात इंग्लंडला पायी सहल काढते. थेम्सच्या काठाने, शेतांतून, या गावातून त्या गावात आठवडाभर चालायचं. बॅगा तेवढ्या गाडीने पुढे जातात. बाई त्या सहलीच्या लीडर झाल्या. मी नाव घातल्यावर बायको म्हणाली, "चालायलाच जायचंय, तर भाजी आणायला जा की!" शेवटी तीही आली.

जायच्या आधी सराव. शिवाजी पार्कच्या फेऱ्यांना बाई चालणं म्हणतच नसत. "ते मिरवणं झालं," असं म्हणून त्यांनी आम्हाला अँटॉप हिलचा चढ चढायला लावला. धापा टाकत वर पोचलो की म्हणायच्या, "इंग्लंड म्हणजे हेच. फक्त टॅक्सी मिळत नाही आणि गायी जास्त." आमच्यातले घोडपदेवचे साटम टाचदुखीमुळे सगळ्यांत हळू चालायचे, तोंड मात्र सगळ्यांत जोरात. त्यांना कोणी लवकर चला म्हटलं की बाईंची शिट्टी वाजलीच. "सगळ्यांत हळू जो, त्याचा वेग तोच ग्रुपचा वेग. ज्याला घाई आहे त्याने बस पकडावी!"

गायी जास्त, हे बाईंनी सांगितलं होतं. त्यांना काही खायला घालू नका, हे सांगायचं राहून गेलं. तिकडे पायवाट थेट कुरणांतून जाते आणि प्रत्येक कुरणाला लाकडी फाटक असतं. पहिल्याच कुरणात माझ्या बायकोने डब्यातली पोळी भक्तिभावाने एका गायीपुढे धरली, तिच्या पाठीला हात लावून तो कपाळाला लावला. ते बघून बाकीच्या बायकांनीही डबे उघडले. बघता बघता अख्खा कळप आमच्या मागे लागला. त्या काही आपल्या देवळाबाहेरच्या गरीब गायी नव्हेत; एकेक टेम्पोएवढी! आम्ही फाटकाकडे पळत सुटलो. बाई मात्र वळल्या, त्यांनी छत्री उघडली आणि गायींकडे तोंड करून, शिट्टी फुंकत, उलट्या पावलांनी येऊ लागल्या. दंगेखोर वर्ग आवरलेली बाई ती; गायींची काय बिशाद! साटम बाहेर पडल्यावरच त्या बाहेर आल्या, कडी घातली आणि शांतपणे म्हणाल्या, "फाटक बंद. मागे कोणी नाही." मग बायकोकडे वळून, "पुण्य पदरात पडलं ना? आता उद्यापासून पोळी आपण खायची."

पुढे प्रत्येक फाटकाशी हे वाक्य यायचंच. बायपास झाल्यापासून वाटेत एकटं पडायची मला फार धास्ती होती. पाठीमागून ते वाक्य ऐकू आलं की मी बिनघोर पुढचं पाऊल टाकायचो.

गेल्या वर्षी सहलीच्या शेवटच्या दिवशी बाईंचा गुडघा टम्म सुजला. डॉक्टरांनी त्यांना आधीच बजावलं होतं, ही शेवटची सहल. नदीकाठच्या शेवटच्या गावात आपल्या पायांनी पोचायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. पण सकाळी त्या मुकाट्याने बॅगांच्या गाडीकडे निघाल्या. "माझ्यापायी ग्रुपचा खोळंबा नको."

साटम आडवे आले. "बाई, सगळ्यात हळू जो, तेच्या पायान ग्रुप चालतलो. ह्या तुमीच शिकवलास मा?"

बाई गाडीकडून माघारी वळल्या. त्यांनी कोणाचं ऐकलेलं मी प्रथमच पाहिलं.

त्या दिवशी आम्ही सगळे बाईंच्या गुडघ्याच्या वेगाने चाललो. त्यांना मध्ये घेतलं, मागे मी. त्या सारख्या मान वळवून मी नीट येतोय ना, ते बघत होत्या. ज्या दुकानातल्या चहाचं त्यांनी आठवडाभर कौतुक केलं होतं, ते आम्ही पोचेपर्यंत बंद झालेलं. मग नदीकाठच्या बाकावर बसून आम्ही बायकोने आणलेला चिवडा खाल्ला. बाईंनी बूट काढून पाय पाण्यात सोडले आणि त्या खुदकन हसल्या. इतका आनंद मी कोणाच्या चेहऱ्यावर क्वचितच पाहिला असेल.

यंदा बाई आल्या नाहीत. ऑपरेशननंतर नायगावला लेकीकडे असतात. आमच्याबरोबर कंपनीचा तरतरीत तरुण लीडर होता; तो अर्थातच पुढे चालायचा. मागे कोण राहणार, हे कोणी ठरवलं नाही, मीच राहिलो. पहिल्या दिवशी बाईंची फार आठवण येत होती. पहिल्याच फाटकाची कडी घातली आणि फोन काढून त्यांना आवाजी निरोप पाठवला, "बाई, फाटक बंद. मागे कोणी नाही."

कुरण संपायच्या आत त्यांचं उत्तर आलं. तोच पीटीचा खणखणीत आवाज.

"मागे मी आहे. तुम्ही चला."