न दुखणारी गाठ

माझी आत्या लग्न होऊन बोर्ली पंचतनला गेली आणि काही वर्षांनी किहीमला आमच्याकडे परत आली ती कायमचीच. देश नुकता स्वतंत्र झाला होता, मी मराठी शाळेत जात होते. तिला मूल होत नाही ही सासरची एक तक्रार. महिन्याचे चार दिवस ती कुठल्याच कामाची राहत नाही, ही दुसरी. नवऱ्याने दुसरं लग्न केलं नाही, पण तिला न्यायलाही तो कधी आला नाही.

त्या चार दिवसांत ती मागच्या पडवीत बाजूला बसे. बसे कसली, गुडघे पोटाशी घेऊन पडलेली असे. पाळी सगळ्यांनाच येते, मग हिचंच एवढं काय, असं घरातल्या बायका बोलत. वैद्यांचे काढे झाले, विटेचा शेक झाला, नवस झाले. एकदा कळ आली तेव्हा तिने पडवीचा खांब असा काही धरला की घाबरून मी आईला हाक मारली. आई आली, विटाळ नको म्हणून लांबच उभी राहिली.

"वन्सं, बाईच्या जातीने थोडं सोसायला शिकावं," ती म्हणाली. आई दुष्ट नव्हती. तिलाही तेवढंच शिकवलेलं होतं.

आत्या सोसायला शिकली. उरलेल्या दिवसांत सुपारी सोलण्यापासून नारळाच्या झावळ्यांची झापं विणण्यापर्यंत वाडीतली सगळी कामं ती अंगावर घेई, जणू त्या चार दिवसांची भरपाई करत होती.

चाळिशीच्या आसपास तिला चक्कर येऊन पडायला होऊ लागलं, तेव्हा बाबांनी तिला रेवसहून लाँचने मुंबईच्या इस्पितळात नेलं. सोबत मी होते. पोट उघडून शस्त्रक्रिया झाली. गर्भाशय आणि एक बीजकोश काढावा लागला. बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की गर्भाशयाच्या आत जे अस्तर असतं, तसंच अस्तर बाहेर पोटात वाढलं होतं. दर महिन्याला तिथेही रक्त साचायचं. ते काळं, घट्ट झालं होतं, आतडी एकमेकांना चिकटली होती. आजाराचं इंग्रजी नाव आम्हा दोघांनाही कळलं नाही. ही बाई इतकी वर्षं हिंडत-फिरत कशी होती, असं त्यांनी विचारलं.

आत्या शुद्धीवर आल्यावर मी तिला हे सांगितलं.

"म्हणजे खरंच काहीतरी होतं," ती म्हणाली आणि रडू लागली.

त्यानंतरची दोन-तीन वर्षं तिची बरी गेली. आईही तिच्याशी हळू बोलायला लागली होती. मग एका सकाळी ती न्हाऊन लुगडं नेसत होती, तेव्हा मला दिसलं की तिच्या डाव्या छातीवरची कातडी एका जागी आत ओढली गेली आहे. मी हात लावून पाहिलं. सुपारीएवढी टणक गाठ होती. गेल्या वर्षापासून आहे, असं तिने सहज सांगितलं. मी चिडले, कुणाला बोलली का नाहीस म्हणून.

"अगं, ती दुखत नाही," ती मला समजावत म्हणाली. "दुखणं काय असतं ते मला ठाऊक आहे. हे दुखणं नव्हे."

पुन्हा तीच लाँच, पुन्हा इस्पितळ. छाती काढली, पण रोग काखेत पोचलेला होता. पुढे हात सुजून खांबासारखा झाला, मग रोगाने पाठीचे मणके धरले. अखेरच्या महिन्यांत आई तिला मांडीवर घेऊन पेज भरवत असे. पुढल्या होळीच्या आत आत्या गेली. निरोप धाडला होता, तरी बोर्लीहून कुणी आलं नाही.

पुढे माझ्या मुलीचं पोट तसंच दुखू लागलं. तोवर त्या आजाराचं नाव मला माहीत झालं होतं. डॉक्टरांना मी आत्याचं सगळं सांगितलं आणि विचारलं, त्या पोटातल्या रोगानेच तिला छातीचा कर्करोग दिला का? ते म्हणाले, दोघांत काही नातं असावं असं काही जणांना वाटतं, काहींना ते सापडत नाही. असलंच तर फार थोडं. एकट्या तुमच्या आत्याबद्दल कुणीच सांगू शकणार नाही.

दोन्ही रोगांना मिळून एकच कारण मला हवं होतं. ते मिळालं नाही. डॉक्टर माझ्या मुलीकडे वळले आणि कुठे दुखतं ते विचारू लागले.