साहेबाचा मेणाचा अंगठा

हसायचं तर आधीच हसून घ्या बायांनो, मागून मला सोसायचं नाही. श्रावणी सोमवारी, उपाशीपोटी, मी एका गोऱ्या साहेबाचा अंगठा शेगडीवर वितळवला!

आमचे हे कातारी, लाकूड कातून वस्तू घडवणारे. सोलापुरात गिरणीत बदलीवर. रोज सकाळी फाटकाशी उभं राहायचं, काम असलं तर आत, नाहीतर घरी. हे कायम व्हावेत म्हणून मी किती वार धरले! देवही माझं तोंड बघून कंटाळला असेल.

एकदा साहेबलोकांच्या क्लबातलं काम आलं. तिथं जड लाकडी चेंडू घरंगळत सोडून पलीकडच्या खुंट्या पाडायचा खेळ. चेंडू धरायला त्याला बोटांची भोकं. मोठ्या साहेबाचा अंगठा जाडजूड, कुठल्याच भोकात जाईना. "अंगठ्याच्या मापाचं भोक पाडलंस तर गिरणीत कायम करतो," साहेब म्हणाला. ह्यांनी त्याचा अंगठा ओल्या मातीत रुतवला, खळग्यात मेण ओतलं, आणि तो मेणाचा अंगठा फडक्यात गुंडाळून आमच्या कोनाड्यात ठेवला. मला सांगितलं का? छे!

हे कामावर गेल्यावर कोनाडा झाडायला घेतला. फडकं सुटलं. नखासकट अंगठा! शेजारच्या अंबव्वाला हाक मारली.

"यव्वा! करणी हाय की ही!" ती दारातूनच मागं सरली. "कुणीतरी तुमच्या मालकांचं नशीब बांधून टाकलंय, अक्का. म्हणून तर कायम व्हईनात!"

पटलं की हो मला! एवढ्या उपासांना फळ का नाही, ते एकदम उमगलं.

"मग आता गं?"

"इस्तवावर धरा आन् शिवाचं नाव घ्या. मी हाय की हितंच... भाईर."

शिवाचं नाव घेत घेत वितळवला. पार नखापर्यंत!

संध्याकाळी हे आले, कोनाडा चाचपू लागले.

"अगं, हितला साहेब कुटं गेला?"

"कोण साहेब?"

"अंगठा, अंगठा! साहेबाचं माप!"

मी शेगडीकडं बोट दाखवलं. "विरघळला," मी म्हटलं.

हे मटकन बसले. "साहेब शिकारीला गेलाय. उद्या येतो तो थेट खेळायलाच. आता माप कुणाचं घिऊ? तुज्या अंबव्वाचं?"

"माझ्या लाटण्याच्या टोकाएवढा होता. महादेवाची शपथ!"

"देवाला तरी ह्यात वडू नगंस."

दुसरा इलाज काय होता? लाटण्यावरून भोक पाडलं.

दुसऱ्या दिवशी साहेबानं जोर करून अंगठा आत घातला, हात मागं नेला आणि झोकात पुढं आणला. चेंडू सुटेचना! चेंडूमागोमाग साहेबच आडवा! खानसाम्यानं लोणी चोपडलं, चौघांनी ओढलं, तेव्हा कुठं अंगठा निघाला, वांग्यासारखा सुजून.

हे घरी आले तसं मी त्यांना दारातच गाठलं. माझा जीव टांगणीला.

"काढलं का हो तुम्हाला?"

"न्हाय. कायम केलं. खरं काय झालं ते सांगितलं, तर साहेब सुजलेला अंगठा धरून लई हसला."

मी हात जोडले. "बघा! उपास फळाला आले की नाही?"

"आले की," हे म्हणाले. "फकस्त साहेबाचं कुटलंबी अंग घरी न्यायला मनाई झालीया."