कोरडा दिवस

लीलाबाई बाजारातून परतली तर मोरीपुढचे दोन्ही ड्रम पालथे. आतून-बाहेरून घासून लख्ख केलेले. पाणी नालीतून पार गल्लीच्या कोपऱ्याला लागलं होतं. शेजारी झेबा उभी होती, बाह्या दुमडून, शाबासकीची वाट बघत.

"आई, आज मी कोरडा दिवस पाळला."

झेबा मॉरिशसची. गावोगाव आरोग्याचं काम करायला एका संस्थेत आलेली स्वयंसेविका. फुलंब्रीकडच्या खेड्यांत पाठवण्याआधी भाषा आणि राहणी शिकावी म्हणून तिला शहरात, गारखेड्याच्या वस्तीत लीलाबाईच्या घरी ठेवलं होतं. डासांच्या अळ्या होऊ नयेत म्हणून आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून कोरडी ठेवायची, असं सकाळीच संस्थेच्या वर्गात सरांनी शिकवलं होतं. इथं नळही आठवड्यातून एकदाच येतो आणि तो कालच येऊन गेला, ते शिकवायचं राहिलं.

"आगं, ड्रम घासत्यात ते नळ यायच्या आदल्या दिवशी! भरलेलं पानी वततं का कोन? डोळे फुटले व्हते का तुझे?"

"सर म्हणाले..."

"तुझ्या सराच्या दारात बोअर हाय!"

लीलाबाईनं उभी हयात बांधकामावर घमेली वाहिली. डोक्यावरचा माल वाटेत सांडला की मुकादम शिव्या द्यायचा. त्या शिव्या तिला वाजवी वाटत. केलेली मेहनत फुकट गेलेली तिला बघवायचीच नाही. काल पाठ धरलेली असताना नळी हातात घेऊन ती उभी होती, ती काय नाली धुवायला? ती दुपारभर बडबडत राहिली. झेबा रडत आत गेली आणि तिनं सरांना फोन लावला.

संध्याकाळी संस्थेचे राजकुमार सर गाडी घेऊन आले. झेबाची बॅग भरलेली होती.

"मावशी, चुकलं तिचं. टँकर मी पाठवतो. हिला दुसरीकडं ठेवू, तिथं पाण्याची अडचण नाही. पाहुणी आहे हो ती. इतकं ओरडतात का?"

लीलाबाईचा पारा आणखी चढला.

"पाहुनी? पाहुनी असती तर 'असू द्या, असू द्या' म्हनले असते, वरून च्या पाजला असता. आल्यापासून आई म्हनती मला. मग हिला नाय तर काय शेजारनीच्या पोरीला बोलू? अन् टँकर-बिंकर नगं. सांडलं हिनं, भरंल बी हीच. उद्या फुलंब्रीत एखादी बाई वरडली, की तिथं बी गाडी बोलवनार व्हय?"

झेबा सरांकडं वळली. "सर, 'पाहुणी असती तर' म्हणजे?"

"म्हणजे..." सर घुटमळले. "म्हणजे तू पाहुणी नाहीस."

झेबानं भरलेली बॅग दारातून आत ढकलली. मग तिचाही पारा चढला.

"आई, तू लई वरडती!"

"वरडनारच. हंडा उचल."

सर गाडीजवळ उभेच राहिले. दोघी गल्लीच्या टोकाला हापशावर गेल्या. झेबानं हापसायला सुरुवात केली, पण पाण्याची धार करंगळीएवढीच.

"दांडा कुरवाळू नगं. पार खाली दाब."

झेबानं ओठ आवळले आणि रागानं दांडा खालपर्यंत दाबला. हापशाचं तोंड भरून पाणी आलं. पहिला हंडा भरला. लीलाबाईनं तो बाजूला ओढला आणि दुसरा खाली सरकवला.